उशिरा येणाऱ्यांच्या अक्का

मागच्या आठवड्यात आमच्या पुण्याच्या ऑफिसात एका नव्या इंजिनिअरनं स्क्रीनकडं बोट दाखवून विचारलं, "मॅडम, हे कुणी लिहिलंय? बाकीच्या दूध केंद्रांसाठी आपण काही मिनिटं थांबतो, आणि या मोजक्या केंद्रांसाठी अख्खा दिवस? काढून टाकू का?"

मी बघितलं. सगळ्या इंग्रजी मजकुरात त्या आकड्याच्या शेजारी एकच मराठी ओळ होती. 'लांबून येतंय. थांब.'

"नको काढू," मी म्हणाले.

"पण का?"

तेवढ्यात मीटिंगला बोलावणं आलं आणि सांगायचं राहून गेलं. तसंही ते मीटिंगच्या आधी उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं. ती ओळ विजयाअक्कांची. ती काढली तर या ऑफिसात त्यांचं काहीच उरणार नाही.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी सगळीकडं सांगते, कुणाला आवडो न आवडो, कारण ते सोपं नव्हतं. सोलापूर जिल्ह्यात, वैरागच्याही पलीकडं आमचं गाव. घरी थोडी शेती आणि शेरडं. कॉलेज संपल्यावर सगळे म्हणत होते, आता पुण्याला जा. मला जायचं नव्हतं. अशात कळलं, सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागात एक छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे आणि तिथं माणूस पाहिजे. मुलाखतीला निघाले तर एसटीनं वाटेत असा वेळ काढला की मी पोचले तेव्हा मुलाखती संपून डबे उघडले होते.

ऑफिस म्हणजे एका अपार्टमेंटमधला फ्लॅट. दार उघडंच होतं. आत जमिनीवर सतरंजी टाकून एक चष्मेवाल्या बाई भाकरी मोडत बसल्या होत्या. मी दारातूनच सांगायला लागले, बस कशी थांबली, कुठं थांबली. त्यांनी हात वर केला.

"लांबून आलीस. आधी पाणी पी."

मग जेवायला बसवलं. जेवता जेवता मुलाखत. वडील काय करतात विचारलं. मी सांगितलं.

"संध्याकाळी शेरडं परत येतात, तेव्हा एखादं मागं राहिलं तर वडील काय करतात?"

"थांबतात की."

"बाकीची आत घेऊन दार लावत नाहीत?"

"आत घेतात. पण दार लावत न्हाईत."

त्या समोर बसलेल्या इरफानकडं बघून म्हणाल्या, "बघ. तुला महिनाभर समजावलं ते हिला येतंय." इरफान त्यांचा सगळ्यात जुना सहकारी. तो मान न वर करता म्हणाला, "अक्का, मेरे घर में बकरी नहीं थी ना."

मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. पण नोकरी लागली.

आमचं काम असं होतं. जिल्ह्यात गावोगावी दूध संकलन केंद्रं आहेत. प्रत्येक केंद्रावर दूध गार ठेवणारी मोठी टाकी. त्या टाकीला एक छोटं यंत्र लावलेलं, ते सतत तापमान पाठवत राहतं. ही माहिती साठवून सावकाश बघून उपयोग नाही, तोवर दूध नासतं. ती येईल तशी, वाहती असतानाच वाचायची. टाकी तापायला लागली की केंद्रावरच्या माणसाला लगेच फोन गेला पाहिजे. याला आमच्या भाषेत स्ट्रीम प्रोसेसिंग म्हणतात. अक्का म्हणायच्या, "नाव मोठं आहे. काम एवढंच, की येणाऱ्याकडं लक्ष ठेवायचं."

अक्का हैदराबादला मोठ्या कंपनीत होत्या. तिथून त्या मुद्दाम परत आल्या. पुण्याच्या मालकांच्या मागं लागून त्यांनी सोलापुरात हे ऑफिस उघडायला लावलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. दूध इथलं, केंद्रं इथली, मग पोरांनी काम करायला पुण्याला का जायचं? हे ऑफिस चाललं पाहिजे, टिकलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. त्याबद्दल त्या फारशा बोलायच्या नाहीत, पण येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला आधी विचारायच्या, "घरून येऊन-जाऊन जमतंय ना?" जमतंय म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा.

त्यांना मॅडम म्हटलेलं चालायचं नाही. "मॅडम बँकेत असतात. मी अक्का." घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, इरफानशी त्याच्या हिंदीत, अक्कलकोटकडच्या केंद्रांशी कन्नड. रागावल्या की मात्र फक्त मराठी. "काय करायलीस तू? डोळे कुठं ठेवलीस?" एवढंच. पण ते 'ठेवलीस' असं यायचं की माणूस दोन दिवस डोळे जागेवर ठेवून काम करायचा.

त्यांच्या घरी पूर्वी माग होते. त्यामुळं येणारा प्रत्येक पाहुणा तेच बोलायचा. विणकराच्या घरातल्या तुम्ही, धाग्याला धागा जोडणं तुमच्या रक्तात असणार वगैरे. अक्का हसून घ्यायच्या आणि पाहुणा गेला की म्हणायच्या, "माग आईनं चालवला. मला टॉवेलची घडीसुद्धा नीट येत नाही." इरफान म्हणायचा, "आणि दुसऱ्याच्या बकऱ्यांवरून मुलाखत घेता, ते चालतं?" त्यावर अक्का त्याच्या डब्यातलं काहीतरी उचलून घ्यायच्या. तेच उत्तर.

ऑफिसात एसी एकच होता, आणि तो माणसांसाठी नव्हता. स्वयंपाकघराच्या जागी आमचा सर्व्हर ठेवला होता, त्याच्यासाठी. उन्हाळ्यात दुपारी आम्ही सगळे त्या खोलीत सर्व्हरला टेकून जेवायचो. अक्का येताना दारावर टकटक करायच्या. "येऊ का रे?" हे सर्व्हरला.

भिंतीवर एक दिनदर्शिका होती, तिच्यात काही तारखांना निळी गोल खूण. त्या पाण्याच्या दिवसांच्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आणि अक्कांचा नियम होता, पाण्याच्या दिवशी डिप्लॉय नाही. म्हणजे चालू सॉफ्टवेअरमध्ये नवा बदल त्या दिवशी करायचा नाही. "नळ सोडून आलेलं माणूस इथं बसतं आणि कान घराकडं लावतं. अशा माणसाच्या हातात बटण द्यायचं नाही."

पुण्याचे निखिल सर, म्हणजे आमचे वरिष्ठ, एकदा फोनवर म्हणाले, "उद्या सकाळी नवीन व्हर्जन टाकून द्या."

"उद्या नाही जमणार, सर. उद्या आमच्याकडं पाणी आहे."

"अरे बापरे! पूर आलाय का?"

"नाही हो. नळाला पाणी आहे."

मग त्यांनी विचारलं, "ही रजेची नवी पद्धत आहे का?" अक्का म्हणाल्या, "रजा नाही सर. बदल परवा करू, पाणी भरून." आणि परवाच केला.

मी रोज एसटीनं यायची. सकाळच्या बैठकीला मला उशीर होणार हे ठरलेलं. इरफाननं माझं नाव वैराग एक्स्प्रेस ठेवलं होतं. पण अक्कांनी बैठक माझ्यासाठी कधी थांबवली नाही, हे मुद्दाम सांगते. त्या वेळेवर सुरू करायच्या, कामं वाटायच्या. आणि मी आले की सगळ्यांसमोर म्हणायच्या, "आली. आता हिचं ऐकू आणि मघाशी काय ठरलं ते दुरुस्त करू." खरंच दुरुस्त करायच्या. उशिरा आले म्हणून माझं म्हणणं कधी वाया गेलं नाही. आज पुण्यात मी पाच मिनिटं उशिरा गेले तर माझ्यावाचून ठरलेलं असतं, आणि ते ठरलेलंच राहतं.

याच पद्धतीवरून एकदा मोठा वाद झाला होता. आमच्या भागातल्या एका केंद्रावर दिगंबरकाका होते. पुण्यात बसलेल्या लोकांच्या पडद्यावर त्यांचं केंद्र सारखं लाल दिसायचं. माहिती नाही, माहिती नाही. दूध संघातून बोलणं सुरू झालं की हे केंद्र भरवशाचं नाही, बंद करून टाकू. अक्का म्हणाल्या, "चल, बघून येऊ." मला स्कूटरवर मागं घेतलं आणि थेट गेल्या.

दिगंबरकाका टाकी पुसत होते. अक्कांनी विचारलं, यंत्र बंद का ठेवता?

"म्या कशाला बंद ठिवू? लाईट गेली की रेंज बी जाते हितली. जनरेटर लावतो की मी लगेच. दूध गार हाय, हात लावून बघा की. पण तुमच्या यंत्राचं पुण्याला पोचत न्हाय, त्याला मी काय करू? सायकलवर घिऊन जाऊ व्हय?"

"मग रेंज आल्यावर?"

"आल्यावर जातंय की समदं. एकदम जातंय."

अक्का टाकीला हात लावून उभ्या राहिल्या. खरंच गार होती. परत आल्यावर त्या थेट आमचा प्रोग्रॅम उघडून बसल्या.

गोष्ट अशी होती की यंत्र रेंज नसताना माहिती स्वतःजवळ ठेवायचं आणि रेंज आली की पाठवायचं. पण आमचा प्रोग्रॅम दर तासाचा हिशेब लगेच बंद करायचा. मागून आलेलं तो टाकून द्यायचा. काकांचं दूध गार होतं, माहितीही आली होती. आम्हीच ती दारातून परत पाठवत होतो.

निखिल सरांचं म्हणणं होतं, एका केंद्रासाठी सगळ्यांचा अहवाल लांबवायचा का? अक्का म्हणाल्या, "लांबवायचा नाही. अहवाल वेळेवर द्या. केंद्र गप्प झालं तर काकांना फोन पण लगेच जाऊ दे, रेंज असली तर लागेल. फक्त दार लावू नका. मागून आलं की घ्या आणि अहवाल दुरुस्त करा."

"किती वेळ उघडं ठेवायचं? प्रत्येक तासाची आठवण धरून ठेवायला मेमरी लागते, अक्का."

"लागू दे की. लांबून येतंय ते."

महिन्याभरात काकांचं केंद्र हिरवं दिसायला लागलं. बंद करायचं बोलणं थांबलं. रेंज जाणाऱ्या अशा मोजक्या केंद्रांसाठी अक्कांनी दार दिवसभर उघडं ठेवलं, ती मराठी ओळ तेव्हाची.

मग क्लस्टरचं आलं. केंद्रं वाढली होती, आमचा स्वयंपाकघरातला सर्व्हर धापा टाकत होता. पुण्याहून ठरलं की सगळं कंटेनरमध्ये घालून क्लस्टरवर न्यायचं. कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं, कुठल्याही मशिनवर ठेवलं तरी चालेल असं. आणि क्लस्टर म्हणजे दूर कुठंतरी एकत्र जोडलेली पुष्कळ मशिनं. वर एक देखरेख करणारा असतो. तुकडा बंद पडला की तो दुसऱ्या मशिनवर नवा उभा करतो. त्या तुकड्याला पॉड म्हणतात. पॉड बंद पडला की आम्ही म्हणायचो, मेला. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा जिन्यात अडवून विचारलं, "तुमच्यात रोज कोण मरतंय गं?" अक्का म्हणाल्या, "मरतंय आणि लगेच उठतंय, काकू. सुतक नाही."

काम जसं पुढं गेलं तसं आम्हाला दिसायला लागलं की सर्व्हर इथं होता म्हणून ऑफिस इथं होतं. क्लस्टर कुठूनही चालवता येतो. इरफाननं एकदा दुपारी, सर्व्हरला टेकून बसलेला असताना, ते बोलून दाखवलं.

"अक्का, प्रोग्रॅम का एक पुर्जा इधरीच रखते ना. छोटासाच. उसके बगैर उनका चलेगा नहीं. ऑफिस तरी राहील."

मी अक्कांकडं बघत होते. मनातून मलाही तेच पाहिजे होतं. पुण्याला जायचं नव्हतं मला. घरून येऊन-जाऊन जमत होतं.

अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं.

"उन्हाळ्यात हा एसी बंद पडला तर तो पुर्जा बंद पडणार. मग काकांना फोन कोण लावणार?"

इरफाननं मागं वळून सर्व्हरकडं बघितलं.

"दूध त्यांचं आहे, इरफान. सगळं तिकडं जाऊ दे."

आणि त्या उठल्या. ज्या ऑफिससाठी हैदराबाद सोडलं, ते आपल्याच हातानं रिकामं करायला घेतलं. मन लावून घेतलं, हे मी बघितलंय. चिडून, कसंतरी उरकलं असतं तरी कुणी बोललं नसतं.

त्यांची चूक झालीच नाही असं नाही. प्रोग्रॅम प्रत्येक केंद्राचा मागचा इतिहास डोक्यात ठेवतो. मध्येच बंद पडला तर विसरू नये म्हणून तो ठरावीक वेळानं सगळं कुठंतरी लिहून ठेवतो. त्याला चेकपॉइंट म्हणतात. जुन्या सर्व्हरवर ते त्याच मशिनवर लिहिलेलं असायचं आणि भागायचं. क्लस्टरवर ते सामाईक जागेत लिहायला पाहिजे, कारण पॉड उद्या दुसऱ्याच मशिनवर असेल. अक्कांनी सवयीनं जुनीच जागा ठेवली. बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी, ऐन दूध घालायच्या वेळी, क्लस्टरनं पॉड हलवला. नवा पॉड कोऱ्या डोक्यानं उठला. त्याला वाटलं, एकाही केंद्राकडून कधी काही आलेलंच नाही. त्यानं एकदम सगळ्या केंद्रांना फोन लावले. 'आपले यंत्र बंद आहे.' लोक दुधाची मापं टाकून पळाले. कुणी चांगली चाललेली टाकी बंद करून चालू केली. कुणी दूध टेम्पोत भरायला घेतलं.

निखिल सरांचा फोन आला. "कुणाची चूक?" इरफान हळूच म्हणाला, "क्लस्टर की बोल दो."

अक्का म्हणाल्या, "माझी."

फोन ठेवून त्यांनी ती जागा बदलली. प्रोग्रॅम दोनदा मुद्दाम पाडून बघितला, आठवण ठेवून उठतोय याची खात्री केली. मग केंद्रांना फोन करायला बसल्या. एकेकाला, स्वतः. आम्ही म्हणालो, वाटून घेऊ. "चूक वाटून घेतात का?" अक्कलकोटकडं "तप्पु नंदु", एका तेलुगू माणसाला "तप्पु नादि", आमच्याकडं "चूक माझी झाली बघा." दुपार झाली तरी चाललंच होतं. दिगंबरकाकांना लावला तर ते म्हणाले, "म्या मनावरच घेतला न्हाय त्यो फोन. तुमचं मशिन काय बी बोलतंय. टाकीला हात लावला, गार व्हती. बसलो गप." अक्का त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत राहिल्या.

त्यानंतर क्लस्टर एकदाही विसरला नाही. पॉड मरायचे, उठायचे, जिथं सोडलं तिथून पुढं सुरू करायचे. इतकं चांगलं चालायला लागलं की आमची गरजच उरली नाही. पुण्याहून पत्र आलं. सोलापूरचं ऑफिस बंद, सगळ्यांना पुण्यात जागा. अक्कांनाही होती. त्यांनी नाही म्हणून कळवलं. "आपलं शहर सोडून जायचंच तर ओळखीच्या ठिकाणी जाते," म्हणाल्या. म्हणजे परत हैदराबाद.

मी आज इथं चांगल्या पगारावर आहे. घरी पैसे पाठवते, धाकट्या भावाला शिकवते, कुणाचं मिंधेपण नाही. तरी संध्याकाळी ऑफिसच्या काचेतून खाली बघताना मला त्या फ्लॅटची सतरंजी आठवते, आणि वाटतं, कुणीतरी दार लोटून विचारावं, येऊ का रे? अक्कांना मी मेसेज करते. उत्तर येतं. कधी दोन दिवसांनी, कधी पंधरवड्यानं. मी वाट बघते. मला ते शिकवलेलं आहे.

ऑफिसच्या शेवटच्या दिवशी दुपारी सगळ्यांनी मिळून जेवायचं ठरलं होतं. आईनं सगळ्यांसाठी शेंगापोळ्या करून दिल्या. आणि वाटेतल्या वडाळा गावाच्या पुढं बस बंद पडली. फोनची बॅटरी संपलेली. मी डबा मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसले होते आणि मला रडू येत होतं. दुसरी बस मिळून, रिक्षा करून पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. वर खिडक्या बंद. सर्व्हर नेलेला, एसीच्या जागी भिंतीला चौकोनी भोक.

खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर अक्का बसल्या होत्या. मांडीवर हेल्मेट.

"अक्का, तुम्ही गेला नाही?"

"सगळ्यांचं जेवण वेळेवर झालं," त्या म्हणाल्या. "तुझं राहिलं होतं."

आम्ही पायरीवरच शेंगापोळी खाल्ली. एकदा त्यांनी विचारलं, "काकांचं सकाळचं आलं का गं?" माझा फोन बंद होता. त्यांनीच स्वतःचा काढून बघितलं. लाईट गेली होती म्हणे सकाळी तिकडं. "आलं. आत्ताच आलंय," म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये टाकला. उरलेल्या पोळ्यांचा डबा त्यांना दिला. त्यांनी किल्ली खालच्या काकूंकडं दिली, हेल्मेट घातलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि स्कूटर चालू केली.

कोपऱ्यावर जाऊन त्या थांबल्या. एक पाय खाली टेकवून मागं वळून बघत. मला रिक्षा मिळते का ते बघायला.

एक रिकामी रिक्षा आली. मी हात केला नाही. ती तशीच पुढं गेली. अक्कांनी ते बघितलं. तिथूनच मान हलवली, पण पाय उचलला नाही.

दुसरी लांबून येत होती.